बुधवारचा नारळ

राहीला वर्षभरापूर्वीपर्यंत कुणी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, हे आता सांगितलं तर थळच्या नव्या आळीत कुणाला पटायचं नाही. शाळेत काही विचारलं की ती पाटीकडे बघायची, आणि पाटी काही बोलायची नाही. मग झालं असं, की शाळेच्या समारंभात आभार मानणारा मुलगा ऐन वेळी ताप येऊन घरी झोपला. मास्तरांनी समोरच्या रांगेतली हाताला लागली ती पोर उभी केली. ती राही निघाली. ती उठली आणि सुरू झाली. पाहुण्यांचे आभार मानले, मास्तरांचे मानले, खुर्च्या वाहून आणणाऱ्यांचे मानले, खुर्च्या ज्यांच्या घरून आणल्या त्या म्हातारीचेही मानले, आणि तेवढ्यात अंगणात आलेल्या कुत्र्याला शांत बसल्याबद्दल शाबासकी दिली. मंडप हसून लोटपोट झाला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या राहीच्या कानात जाऊन बसल्या त्या बसल्याच.

"हिच्या जिभेला कोनी शिडाची कप्पी बसवली का काय," तिचा थोरला भाऊ चंदर म्हणायचा. "दोर ओढला का चालूच."

राहीला याचा मुळीच राग येत नसे. उलट, कप्पीशिवाय शीड वर जातं का, असं ती विचारायची.

नवी आळी म्हणजे सरकारने कोळ्यांना बांधून दिलेली वसाहत. जुन्या कोळीवाड्यातली किनाऱ्याकडची ओळच्या ओळ समुद्राने दोन पावसाळ्यांत गिळली, तेव्हा मागच्या उंचवट्यावर ही घरं उभी राहिली. लाल कौलं, सिमेंटची जमीन, प्रत्येक ओळीला एक नळ. आणि मधोमध एक मोठा हॉल. त्या हॉलचे दगड आळीतल्या बायामाणसांनी डोक्यावरून वाहिले होते, म्हणून त्याचा तोरा काही वेगळाच. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, आणि सगळ्या गोष्टी नव्याने, मिळून करायच्या असं वारं होतं. ठरलं असं, की जागा आळीची, नर्स अलिबागच्या दवाखान्याची आणि निरोप सांगायला शाळेची मुलं. दर बुधवारी हॉलमध्ये बायांची आणि पोरांची तपासणी.

हॉल उघडायला आलेले साहेब भाषणात म्हणाले होते, "हा हॉल आता तुमचा आहे. जपा. भिंतीला एक खिळासुद्धा ठोकू नका." आळीचे पुढारी धर्माजीबाबा तेव्हा उठून उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून सगळ्यांच्या वतीने म्हणाले, "न्हाय ठोकनार." धर्माजीबाबांचा शब्द म्हणजे नांगर. एकदा खाली गेला की बोट हलायची नाही.

तर नव्या घरांत सगळं होतं, फक्त माळा नव्हता. कागदावर घरं काढणाऱ्या माणसाला कोळ्याच्या घरात माळा कशाला लागतो ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि कोळ्यांना वाटलं, माळ्याशिवाय घर असतं असं कुणाच्या डोक्यात येईलच कसं. माळ्यावर जाळी राहतात. पावसाळ्यात होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढल्या, की सुताची जाळी कोरड्या जागी ठेवावी लागतात. भिजली की कुजली, आणि जाळं कुजलं की वर्षच कुजलं. आता घरात जागा नाही म्हटल्यावर जाळी गेली हॉलमध्ये. प्रत्येकाचं जाळं, दाराच्या उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत, एकाला लागून एक. धर्माजीबाबांनी स्वतः उभं राहून नर्सबाईंसाठी मागच्या बाजूला टेबलखुर्चीपुरती जागा मोकळी ठेवली. आदराने ठेवली. फक्त तिथपर्यंत जायला वाट ठेवायचं राहिलं.

नर्सबाईंना त्याचं काही वाटलं नाही. वेणूबाई साताऱ्याकडच्या, उंच, लांब टांगांच्या. पहिल्याच बुधवारी त्या आल्या, चपला बाहेर काढल्या, लुगड्याच्या निऱ्या हातात धरल्या आणि एकामागून एक जाळी ओलांडत टप टप टप टेबलाशी जाऊन बसल्या. ओट्यावर बसलेल्या पुरुषांच्या तोंडातल्या विड्या तिथेच विझल्या.

त्या दिवशी संध्याकाळी धर्माजीबाबांनी हॉलच्या दारात नारळ फोडला. त्यातलं अर्धं भकल खोबऱ्यासकट वेणूबाईंच्या पिशवीत घातलं. पुढच्या बुधवारी पुन्हा नारळ. त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा.

"किती मायाळू माणसं गं तुमची," वेणूबाई राहीला म्हणाल्या. "दर खेपेला नारळ. आमच्याकडे पाहुणीला एकदाच ओटी मिळते."

राही खिडकीच्या कठड्यावर बसलेली होती. ती शाळा सुटली की तिथे यायची, पाय आत सोडून बसायची आणि वेणूबाईंना इंजेक्शनची सुई कशी उकळतात इथपासून साताऱ्याला समुद्र नाही तर लोक करतात काय इथपर्यंत सगळं विचारायची. वेणूबाईंनाही बोलायला माणूस हवंच होतं, कारण तपासायला माणूस येत नव्हतं. म्हणजे पुरुष यायचे, हाताला काच लागली, कानात पाणी गेलं. मुलगे उड्या मारत यायचे. पण ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं त्या गरोदर बाया, लेकुरवाळ्या, त्यांच्यातली एकही येईना. वाटेत भेटल्या की हसायच्या. "येतो हां बाई," म्हणायच्या. आणि यायच्या नाहीत.

आषाढ सरत आला तेव्हा वेणूबाईंनी बॅग आवरता आवरता सांगितलं, "राही, किहीमच्या बायका आमच्या डॉक्टरांच्या मागे लागल्यात. त्यांनाही बुधवार हवाय. मी एकटी, बुधवार एक. इथे कुणी येतच नसेल तर मी तरी काय तोंडाने हा बुधवार धरून ठेवू? पुढच्या खेपेला बघते. नाहीतर मग तिकडे."

राही कठड्यावरून उतरली आणि थेट घराकडे पळाली. कारण तिच्या घरात केसरवयनी होती.

केसर ही चंदरची बायको. मागच्या पावसाळ्यात तिचे पाय सुजले होते, डोकं दुखायचं, सगळ्यांनी म्हटलं होतं, भरल्या दिवसांत होतं असं. मग एका सकाळी तिला झटके आले. बैलगाडीतून अलिबागला नेईपर्यंत ती वाचली, पोटातलं मूल वाचलं नाही. त्यानंतर केसर पुष्कळ दिवस बोलायची थांबली होती, आणि राही तेव्हा नुकती बोलायला लागलेली, त्यामुळे दोघींचं मिळून ती एकटीच बोलायची. आता पुन्हा केसरचे दिवस भरत आले होते. आणि परवा नळावर हंडा उचलताना राहीने पाहिलं, वयनीच्या पायातल्या तोरड्या मांसात रुतल्या होत्या.

"वयनी, मी नर्सबाईला घरी घेऊन येते."

"नको गो राहीबाय." केसरने लुगडं खाली ओढून पाय झाकले. "माज्या एकटीच्या दारात नर्स आली तं सगली आळी म्हनेल, केसरला परत कायतरी झालं. मला ती तोंडं परत बघायची न्हाईत. सगल्या गेल्या तं मी जाईन."

सगळ्या गेल्या तर. बरं, मग सगळ्यांना न्यायचं. राहीला त्यात काही अवघड दिसलं नाही. वेणूबाईंचं मत होतं की बाया सुईला घाबरतात, आणि वेणूबाईंचं मत म्हणजे राहीचं मत. दुसऱ्याच दिवशी शाळेतून आल्यावर तिने वेणी घट्ट घातली आणि घरोघरी भाषण सुरू केलं.

पहिलं घर नीराबाईंचं. नीराबाई बोंबील निवडत बसल्या होत्या.

"माझ्या मावश्यांनो आणि बहिणींनो," राही म्हणाली, जरी समोर मावशी एकच होती, "सुई ही आपली शत्रू नसून मैत्रीण आहे."

नीराबाईंनी बोंबील खाली ठेवला आणि उजवा तळवा तिच्यापुढे धरला. मधोमध जुना वण होता. "यो काय हाय, म्हाईत हाय? शिंगाल्या माशाचा काटा. या बाजूनं गेला, त्या बाजूनं निघाला. दातांनी उपटला नं तसाच बाजार केला. तुज्या नर्सची सुई मला काय करते गो?"

"मग तुम्ही जात का नाही?"

नीराबाई तिच्याकडे अशा बघत राहिल्या, जसं काही तिने समुद्र कुठे आहे असं विचारलं. "शानी पोर ना तू," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा बोंबलाकडे वळल्या.

प्रत्येक घरी तसंच. कुणी हसलं, कुणी मूठभर सोडे हातात दिले, कुणी म्हटलं, तुझ्या आयला सांग, पोरीला नवरा वकील बघ. सुईला भिणारी एकही बाई आळीत निघाली नाही. संध्याकाळी राही घरी आली तेव्हा तिच्या ओच्यात सोडे होते आणि डोक्यात काहीच नव्हतं.

तिची आई बायजा सुकी मासळी घेऊन अलिबागच्या बाजाराला बसायची. बाप राही रांगत होती तेव्हाच गेलेला, त्यामुळे घर बायजाच्या आवाजावर चालायचं. "आलीस गाव जिंकून?" बायजा म्हणाली. "नर्स चांगली हाय, मी कुठं न्हाय म्हनते? पन पाहुनीला कोन तोंडावर बोलनार? तिला म्हाईत न्हाय म्हनून ती जाते. आपल्याला म्हाईत असून कसं जायचं?"

"कुठे जायचं?"

"भात खा," बायजा म्हणाली, कारण चुलीवर मासा करपत होता.

खरी गोष्ट राहीला कळली ती दोन दिवसांनी, आणि कुणी न सांगता कळली. पावसाची उघडीप होती. हॉलमध्ये कुणी नव्हतं. राही नेहमीसारखी खिडकीच्या कठड्यावर चढून बसली, तेवढ्यात तिला समोरच्या दारात केसर दिसली. केसर एकटीच आली होती. तिने एक हात चौकटीला धरला होता, एक पोटावर. तिने पाय उचलला. उंबऱ्याच्या आत चंदरचंच जाळं होतं, त्याची दोरी उंबऱ्याला टेकलेली. पाय अधांतरी थांबला. मग केसरने तो परत होता तिथे ठेवला, आणि ती वळून चालू लागली.

राहीने आधी वयनीकडे पाहिलं, मग जाळ्यांकडे, मग स्वतःच्या लोंबणाऱ्या पायांकडे.

जाळं ओलांडायचं नाही. कोळ्याच्या घरातली पोर चालायला लागते तेव्हापासून तिला हे माहीत असतं. बाईमाणसाने जाळं ओलांडलं की त्यात मासा भरत नाही, आणि दोनजिवाच्या बाईने ओलांडलं तर पोटातलं लेकरू नाळेत गुंततं. हे कुणी शिकवत नाही, जसं श्वास घ्यायला कुणी शिकवत नाही. राहीने तरी कधी ओलांडलं होतं? ती खिडकीतून यायची. पहिल्या दिवसापासून खिडकीतूनच. आणि का, हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आलं नव्हतं. ती हलकी होती, चढायची, कठड्यावर बसायची आणि तिथून सगळ्या जगाला शहाणपण शिकवायची. पोटुशी बाई खिडकीतून कशी येणार?

आणि दर बुधवारचा तो नारळ. राहीने कपाळावर हात मारून घेतला. नर्सबाईंचं काम आटोपलं की धर्माजीबाबा ओलांडलेल्या जाळ्यांची शांत करत होते, आणि प्रसाद म्हणून अर्धं भकल ज्यांनी ओलांडलं त्यांनाच देत होते.

ती खिडकीतून उतरली आणि केसरच्या मागे पळाली. केसर नळाच्या कट्ट्यावर टेकली होती.

"वयनी, तू हॉलवर आली होतीस."

"डोकं दुखतंय गो," केसर म्हणाली. "मागच्यासारखंच. म्हनलं, जाऊ दे, लोक काय म्हनायचं ते म्हनू दे, बुधवारी कोनी नसलं तरी एकटी जाऊ. म्हनून बघून आले, जमतंय का." तिने कपाळ दाबलं. "न्हाय जमत. मागच्या वेळी मी काय बी ओलांडलं नव्हतं, तरी तसं झालं. आता ओलांडून झालं तं मी कोनाला काय सांगू?"

राहीने वयनीला हात धरून उठवलं आणि घरी पोचवलं, वाटेत एकही भाषण न करता. ही गेल्या वर्षभरातली पहिलीच वेळ.

रविवारी दुपारी पुरुषमंडळी हॉलमध्ये जाळी विणत बसली होती. पायाच्या अंगठ्यात सूत अडकवून, गुडघ्यावर जाळं घेऊन, गप्पा चाललेल्या. राही खिडकीवर चढली. या वेळी ती बसली नाही, उभी राहिली.

"धर्माजीबाबा, एक विचारू?"

"न्हाय म्हनलं तं थांबनार हायस?" बाबा म्हणाले. हशा झाला.

"आपल्या जुन्या घरात जाळी कुठे असायची?"

"माळ्यावर. आनि कुठं?"

"आणि माझी आय बाळंत झाली ती कुठे?"

"घरात. खाली."

"म्हणजे जाळं वर, आय खाली. आणि मी जन्मले. माझ्यात काय कमी आहे?"

"आवाज सोडून सगलं कमी हाय," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. राहीने तिकडे लक्षच दिलं नाही.

"आणि जुन्या जाळ्याची झोळी करून त्यात सगळ्या आळीची पोरं झोपली. तुम्हीसुद्धा झोपलात बाबा, लहानपणी. म्हणजे जाळं डोक्यावर चालतं, अंगाखाली चालतं, फक्त पायाखालून जाता कामा नये. बरोबर?"

धर्माजीबाबांनी सुई थांबवली. "बरोबर."

"मग हॉलमधली जाळी वर टांगा. तुळयांना. आळीतल्या बाया येत नाहीत त्या सुईला भिऊन नव्हे. त्या तुमची जाळी जपतायत. आणि नर्सबाईंना वाटतंय, इथे कुणाला आपली गरज नाही. पुढच्या बुधवारी कुणी आलं नाही तर त्या किहीमला चालल्या."

बाया जाळी ओलांडत नाहीत याचं पुरुषांना मनातून बरंच वाटत आलं होतं. त्याची किंमत कोण देतंय हे कुणी मांडून दाखवलं नव्हतं.

"पोरी, तुजं खरं हाय," धर्माजीबाबा हळू म्हणाले. "पन मी शबूद दिलाय. खिला ठोकनार न्हाय म्हनून. सगल्यांसमोर दिलाय."

"खिळा भिंतीला नाही ठोकायचा. दोर तुळईवरून टाकायचा. त्याला खिळा कशाला?"

बाबांनी मान वर केली. सगळ्यांनीच केली. हॉलच्या तुळया चांगल्या जाडजूड सागवानी, डोळ्यांसमोर रोज होत्या. आयुष्यभर दोर टाकून शिडं चढवणारी माणसं खिळ्याच्या शब्दाला इतकी जपत बसली होती, की दोर कुणाला आठवलाच नव्हता.

"कप्पी लागंल," एक जण म्हणाला.

"होड्या काय किनाऱ्यावर झोपल्यात. त्यांच्या कप्प्या काढू."

"आनि म्हयनाभर जाळी वर रायली नं तुळई खाली आली तं?"

"तुज्या एकट्याच्या वजनानं येईल, जाळ्यानं न्हाय."

चंदरने गुडघ्यावरचं जाळं बाजूला ठेवलं. तो आता उठला. "मी मागच्या वर्साला गाडीत होतो," तो म्हणाला. "तिचं डोकं मांडीवर होतं. मला काय बी करता येत नव्हतं, बैल हाकन्याबिगर. या साली दोर तरी ओढता येईल." आणि तो कप्पी आणायला निघून गेला.

सगळेच उठले.

मंगळवारी शाळेला दांडी मारायची नाही असं बायजाने बजावलं होतं, म्हणून राही शाळेत गेली आणि दिवसभर तिला फळ्यावर तुळयाच दिसत होत्या. घंटा झाली तशी ती पळत आली. हॉलमधून हाळी ऐकू येत होती, होडी पाण्यात ढकलताना घालतात तीच. एक जण ओढायचा, बाकीचे मागून साथ द्यायचे, आणि जाळं गच्च बांधलेलं, ढेरपोट्या पाहुण्यासारखं डुलत डुलत वर जायचं. धर्माजीबाबा मधोमध उभे राहून हात हलवत होते, जसे काही खांदेरीच्या खडकातून मचवा बाहेर काढतायत. भिंतीजवळून एखादा दोर घासत गेला की ते ओरडायचे, "भिंत संभाल. शबूद हाय माजा."

शेवटचं जाळं वर गेलं आणि हॉलची जमीन दिसली. सिमेंटची, थंड, रिकामी. कुणी काही बोलायच्या आत नीराबाई झाडू घेऊन उंबरा ओलांडून आत आल्या. मागून बायजा, मागून आणखी. ज्या हॉलचे दगड त्यांनी डोक्यावरून वाहिले होते, त्याच्या जमिनीवर त्या हंगामात आळीतल्या बायांचे पाय पहिल्यांदा पडले.

"आता नर्सबाईला कोन सांगनार?" धर्माजीबाबांनी घाम पुसत विचारलं. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी राहीकडे पाहिलं.

बुधवारी वेणूबाई एस. टी.तून उतरल्या तेव्हा त्यांनी मनाशी सगळं ठरवून ठेवलेलं दिसत होतं. चेहरा निरोप घ्यायला आलेल्या माणसासारखा. त्या हॉलच्या दाराशी आल्या, सवयीने निऱ्या हातात धरल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या.

हॉल भरला होता. पोटुशा, लेकुरवाळ्या, त्यांच्या सासवा, सासवांच्या सोबतिणी. कुणी आंबाडा घातलेला, कुणी फुलं माळलेली, जसं हळदीकुंकवाला आल्यात. आणि डोक्यावर जाळ्यांचा मांडवच.

"हे काय?" वेणूबाई म्हणाल्या. "आणि माझी ती उड्या मारायची शर्यत कुठे गेली?"

राही पुढे झाली. दारातून आत आली होती ती, पहिल्यांदाच. रात्रभर तिने भाषण घोकलं होतं, आरोग्य हे धन आहे इथून सुरू होणारं. पण वेणूबाईंच्या हातातल्या निऱ्यांकडे तिचं लक्ष गेलं आणि भाषण कुठल्या कुठे गेलं.

"बाई, आमच्यात बायकांनी जाळं ओलांडायचं नसतं. पोटुशीने तर मुळीच नाही. म्हणून कुणी आलं नाही."

वेणूबाईंनी निऱ्या सोडल्या. "आणि मी दर बुधवारी..."

"हो."

"टप टप करत..."

"हो बाई."

"मग मला एकानेही सांगू नये?"

"पाहुन्या तुमी," मागून धर्माजीबाबा म्हणाले. ते दाराबाहेर, टोपी हातात घेऊन उभे होते. "पाहुन्याला कसं बोलायचं?"

वेणूबाई काहीतरी आठवून थांबल्या. मग त्यांनी सावकाश विचारलं, "राही. आणि तो नारळ?"

राहीने ओठ दाबून धरले. बायांनी पदर तोंडाला लावले. उत्तर सांगायची गरजच उरली नाही. वेणूबाईंनी आधी डोळे मिटले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या खुर्चीवर बसून इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "आणि मी आमच्या डॉक्टरांना सांगत होते," त्या म्हणाल्या, "आळीत बाया येत नाहीत, पण माझा मान फार ठेवतात." आता सगळा हॉलच हसत होता. धर्माजीबाबाही हसले, पण टोपीच्या आड.

हसू ओसरलं तशी वेणूबाईंनी चष्मा लावला. "चला. आधी कोण?"

कुणी पुढे येईना. राहीने वयनीकडे पाहिलं. केसर उठली. कोपऱ्यात लुगड्याचा आडोसा केला होता, तिकडे ती सगळ्यांच्या मधून चालत गेली. वर एकदाच तिने नजर टाकली. चंदरचं जाळं तिच्या बरोब्बर डोक्यावर होतं.

वेणूबाईंनी तिच्या दंडाला पट्टी बांधली, फुगा दाबला, काट्याकडे पाहिलं. पुन्हा दाबला, पुन्हा पाहिलं. पायावर बोट दाबलं. खळगा पडला तो पडूनच राहिला. आडोशापलीकडे राही लुगड्याला कान लावून उभी होती. तिला वेणूबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"केसर, घाबरायचं नाही. तू आज आलीस ते फार चांगलं केलंस. दाब जास्त आहे. हे वेळेत कळलं की सांभाळता येतं. आज माझ्याबरोबर परतीच्या गाडीने अलिबागला चलायचं, आणि मूल होईपर्यंत तिथेच राहायचं. सासूबाईंना सोबत घे."

"मागच्यासारखं...?" केसरने विचारलं.

"मागच्या वेळी उशीर झाला होता. आज आपण लवकर आहोत."

केसर बाहेर आली. ज्यांची तिला भीती होती ती तोंडं समोरच होती, सगळी. पण नीराबाई उठल्या आणि केसरची बोचकी बांधायला तिच्या घराकडे निघाल्या. एकीने बायजाची बाजाराची टोपली उद्या मी नेते म्हणून सांगितलं. एकीने केसरच्या डोक्यात स्वतःच्या डोक्यातलं फूल खोवलं. एस. टी. सुटली तेव्हा अर्धी आळी पाणंदीच्या तोंडाशी उभी होती आणि राही एकटीच गाडीमागे पळत ओरडत होती, वयनी, खिडकीतून डोकं बाहेर काढू नको.

मग वाट बघणं. त्याबद्दल काय सांगायचं? चंदर पायी अलिबागला जायचा, पायी यायचा. राहीने त्या दिवसांत इतकं कमी बोलून दाखवलं, की मास्तरांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आणि एका दुपारी चंदर पाणंदीवरून पळत येताना दिसला. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच कळलं, तरी त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मुलगी झाली होती. केसर बरी होती. पोर लहानखुरी होती, पण, चंदर म्हणाला, "आवाज आत्यावर गेलाय."

नारळी पुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या, जाळी एक एक करून खाली उतरली. कप्प्या मात्र होड्यांवर सगळ्या गेल्या नाहीत. धर्माजीबाबांनी एक कप्पी तुळईवरच ठेवायला सांगितली. बुधवार थळलाच राहिला, आणि किहीमच्या बायकांनी त्यांच्या डॉक्टरांशी इतकं भांडण काढलं, की त्यांना गुरुवार मिळाला.

भाद्रपदातल्या एका बुधवारी केसर लेकीला घेऊन हॉलमध्ये आली. दारातून, सरळ. वेणूबाईंना पोरीचं वजन करायचं होतं आणि काटा टांगायला वर काहीतरी हवं होतं. मग त्या कप्पीला बायजाने बाजारातला ताणकाटा अडकवला, त्याखाली चंदरच्या जुन्या जाळ्याचा तुकडा, धुऊन मऊ केलेला, आणि त्यात पोर. ती डोळे मिटून झोके घेत राहिली.

"नीट बघा हां बाई," बायजा म्हणाली. "काटा माजा हाय, मला म्हाईत हाय तो कसा बोलतो. वजन बराबर करा, जास्तीचं नको, कमी तं बिलकूल नको."

"पहिल्यांदाच बघते, विकणारीलाच खरं वजन हवंय," वेणूबाई म्हणाल्या. त्यांनी काटा वाचला, मान डोलावली. पोरीचं वजन वाढलं होतं. केसर तिच्याकडे बघत हसत होती, आणि राहीला एकदम आठवलं की वयनीचे पुढचे दोन दात किंचित तिरपे आहेत. ते तिने किती दिवसांत पाहिलेच नव्हते.

बॅग आवरून वेणूबाई निघाल्या, तर दारात धर्माजीबाबा उभे. हातात नारळ. फोडलेला नव्हे, अख्खा, शेंडीचा, हळद-कुंकू लावलेला.

वेणूबाई दचकून मागे वळल्या. त्यांनी आपण आलो ती सगळी वाट निरखून पाहिली, उंबऱ्यापासून टेबलापर्यंत. जमीन रिकामी होती.

"बाबा," त्या म्हणाल्या, "आज मी काय ओलांडलं?"

"काय बी न्हाय," धर्माजीबाबांनी नारळ त्यांच्या ओटीत घातला. "यो तुमचाच."